दोरीवरचा गणवेश

टेम्पो सुरू झाला तरी आण्णा मागची फळी धरून उभेच होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, पण त्यांचा हात सुटेना. सामान फारसं नव्हतंच. दोन ट्रंका, शेगडी, जोंधळ्याचं एक पोतं, माझ्या नवऱ्याची, दिलीपची, मोटारी भरायची हत्यारं आणि पितळी भांड्यांच्या मधोमध टॉवेलात गुंडाळलेलं आमच्या घरातलं जुनं शास्त्र, म्हणजे बायबल. ते आण्णांनी स्वतः ठेवलं होतं, खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावून. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, वडील आहेत, निघताना प्रार्थना करतील. ते हळूच म्हणाले, "तितं लई सांगत बसू नको. इचारलं तेवढंच. कोण हाय, कुटलं हाय, काय मानता, लोकास्नी कशाला पायजे?" मग डोक्यावर हात ठेवून "सलाम, बाळ" म्हणाले. आमच्या ख्रिस्ती घरांत भेटताना आणि निरोप घेताना सलामच म्हणतात. रूथ, माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती. ती टेम्पो वळेपर्यंत ओरडत होती, "सलाम आण्णा! सलाम शेरडं! सलाम झाड!"

आण्णांचं ते सांगणं मी पदराला गाठ मारून सोलापूरला आणलं आणि दोन-अडीच वर्षं त्याच्यावर काढली. गावाकडे राहिलेल्या आमच्या सांगोल्याच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका फोनवर विचारतात, "करमतं का गं तितं?" माझ्यासारख्या घर सोडून निघालेल्या दोघी-चौघी आहेत, त्या मात्र विचारतात, "शेजार कसा आहे?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर मावत नाही. म्हणून लिहिते.

गावात कुणी काही विचारायचंच नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत होतं. सांगोल्याच्या पुढे, डाळिंबाच्या बागा संपून माळ लागतो तिथं आमचं गाव. तिथं आमचं ख्रिस्ती घर एकच, तेही आजोबांच्या आधीपासून. वाटसरूला पत्ता सांगतानासुद्धा "किरिस्तावाच्या घरावरनं डाव्या हाताला" असं सांगत. नाताळच्या करंज्या सगळ्या आळीला जायच्या आणि सगळ्या आळीतून परत त्यांच्या सणाचं काहीतरी यायचं. आण्णा दिवस उजाडायला ओट्यावर बसून गायचे. गळा असा की खाली ओढ्यापर्यंत ऐकू जाई. मेंढरं घेऊन जाणारी माणसं वाटेवरून विचारायची, "आण्णा, आज लवकर उरकलं व्हय?" तेव्हा मला त्याची लाज वाटायची.

सोलापुरात उलटंच झालं. दिलीपला मोटारी भरायच्या दुकानात काम मिळालं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळायची. आम्ही पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर खोल्या घेतल्या. खाली यंत्रमाग. सकाळी सुरू झाले की भिंतीला हात लावला तरी खटखट तळहाताला लागायची. पहिल्या आठवड्यातच जिन्यावर, नळावर, गच्चीवर चौकशी सुरू झाली. कुठल्या तुम्ही, आडनाव काय, भिंतीवर देवाचा फोटो कसा नाही? मी नुसतं हसायचे. आण्णांनी सांगितलंच होतं. पण माणूस हसून गप्प बसलं की लोकांचं कुतूहल दुप्पट होतं, हे गावात शिकायला मिळालं नव्हतं.

समोरच्या दारात नरसम्मा. पासष्टीची, तेलुगू बोलणारी, मराठी तिच्याच धाटणीची. मुलांचे माग खाली होते. सकाळी ती खाली असायची आणि अकराच्या सुमाराला टॉवेलांचा गठ्ठा घेऊन वर यायची. मग दारातच पाटावर बसून घड्या घालायची, पार संध्याकाळपर्यंत. टॉवेलातला एक सुटलेला धागा तिला हाताने चाचपून कळायचा. मग आम्ही माणसं तिच्या नजरेतून कशी सुटणार?

रूथला शाळेत घातलं, तेही वर्षाच्या मधेच. गावात ही पोरगी झाडाशीसुद्धा बोलायची. शाळेत तिच्या "हाय-न्हाय"ला मुलं हसली. एक दिवस वर्गात कुणी पाहुणे आले, तर ही उठून "सलाम" म्हणाली. शिकवणाऱ्या बाईंना गंमत वाटली. त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा, सगळ्या वर्गासमोर. त्यात त्यांचा दुष्टपणा नसेलही. पण त्यानंतर रूथ शाळेत बोलेनाशी झाली. चार महिन्यांनी शाळेतून फोन आला, "मुलीला बोलता येतं ना?" तोवर ती घरीही खुणांनी पाणी मागायला लागली होती.

मी डी.एड. झालेली. नोकरी कधी लागली नाही. रविवारच्या उपासनेला एक पाहुण्या बाई आल्या होत्या, त्या आपल्या मुलांना घरीच शिकवत होत्या. होमस्कूलिंग हा शब्द मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकला. दिलीपशी बोलले, आठवडाभर प्रार्थना केली आणि रूथला घरी बसवलं. म्हणजे शिकायला बसवलं, पण हा फरक लोकांना कसा कळावा?

ते पहिले दिवस फार चांगले होते. सकाळी गाणं, मग शास्त्राचं वाचन, मग अक्षर. भाकरी करता करता अर्धा, पाव, पाऊण. दिलीप मोटारीतल्या तारेचे वेढे मोजायला शिकवायचा, त्यातून पाढे. प्रिंटआउट काढून आणलेल्या वर्कशीट पोळपाटावर ठेवून ती सोडवायची. तरी बोलत नव्हती. मी जोर केला नाही. दीड महिन्याने एका सकाळी तव्यावर भाकरी टम्म फुगली, माझं लक्ष दुसरीकडे होतं, आणि मागून आवाज आला, "आई, उलट की!" मी भाकरी करपू दिली आणि तिला उचलून घेतलं.

आणि इथंच माझं बिघडलं. आता गमावण्यासारखं काहीतरी हातात आलं होतं. मोबाइलवर रोज काहीबाही यायचं. कुठे घरात प्रार्थना चालली म्हणून लोक चालून आले, कुठे कुणाला चौकशीला बोलावलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. माझं डोकं मात्र चालू झालं. ख्रिस्ती घर, दिवसा पोर घरात, बाई काहीतरी शिकवते आहे, गाणी म्हणते आहे. कुणी काय अर्थ काढेल? रूथला परत शाळेत घालायला लावतील का? दूधवाला दोन मिनिटं जास्त थांबला की मला वाटायचं, कुणी पाठवलाय. नळाशी बायका बोलता बोलता थांबल्या की माझंच चाललं होतं, हे नक्की.

मग मी नियम केले. दहा वाजले की रूथच्या चपला आत. दार बंद. दहा ते पाच घरात पोर नाहीच, असं वागायचं. गाणं बंद, वाचन मनातल्या मनात, बोलायचं ते कानात. रूथला तो खेळ वाटला. निदान मी तसं धरून चालले. आणि माझ्या हुशारीची कमाल म्हणजे गणवेश. जुन्या शाळेचा निळा पिनाफोर आणि पांढरा ब्लाउज ट्रंकेत पडून होता. तो मी गच्चीवर दोरीला वाळत घालायला लागले. आधी धुऊन घालायचे. पण पाणी चार-पाच दिवसांनी येणार, ते खोट्या कपड्यावर कोण घालवणार? मग न भिजवता कोरडाच टांगायला लागले. सकाळी टांगायचा, संध्याकाळी काढायचा. दिलीप म्हणाला, "अगं, पोरगी जाताना दिसत न्हाय, येताना दिसत न्हाय, ड्रेस तेवढा रोज वाळतोय." मी त्यालाच गप्प केलं. घाबरलेल्या माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटत असतं.

एक दिवस गणवेश काढताना ब्लाउजच्या वरच्या काजात लाल दोरा दिसला. इवलासा, पण आवळून गाठ मारलेला. आमच्या भागात कपड्याला असा अनोळखी दोरा दिसला की बायकांच्या मनात एकच येतं, करणी. आम्ही असलं काही मानत नाही. मी मानत नाही. पण त्या दोऱ्याला बोट लावलं नाही. कात्रीने दोरा तोडून शेगडीवर जाळला. दिलीपला सांगितलं नाही. आठ दिवसांनी त्याच काजात पुन्हा तसाच दोरा, तशीच गाठ. म्हणजे चुकून नव्हे. कुणीतरी आमच्यावर खूण करत होतं.

मी गच्चीच्या दाराआड उभी राहून पाळत ठेवली. सांगायला लाज वाटते, पण ठेवली. तिसऱ्या दिवशी नरसम्मा वर आली. तिने आपले टॉवेल झटकले, मग आमच्या दोरीशी गेली, ब्लाउजची कॉलर अंगठ्याने चोळून पाहिली आणि चक्क नाकाला लावली. मला जे हवं होतं ते मिळालं. त्या आठवड्यात तिने वाटीभर शेंगा चटणी पाठवली होती. ती वाटी मी घासून तशीच परत केली, रिकामी. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. तिने वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टॉवेलाची घडी घालायला लागली.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. सकाळी अकराला बेल वाजली. दारात एक बाई, हातात रजिस्टर. शाळेत न जाणाऱ्या मुलांची घरोघर नोंद चालू होती. त्यांनी घरात मुलं किती, असं विचारलंच नाही. म्हणाल्या, "रूथ नावाची मुलगी इथंच राहते ना?" नाव माहीत होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "ती आजोळी गेलीय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि "पुढच्या आठवड्यात येते" म्हणून गेल्या. मी वळले तर स्वयंपाकघराच्या दारात रूथ उभी. हातात पेन्सिल, ओठ घट्ट मिटलेले.

संध्याकाळच्या प्रार्थनेला वाचायची पाळी तिची होती. तिने शास्त्र मांडीवर घेतलं, ओळीवर बोट ठेवलं, पण तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, "पाच वाजून गेले, आता मोठ्याने वाच." ती नुसती पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाणी पुन्हा खुणेनं. दिलीप एरवी शांत माणूस. त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "मागल्या येळी शाळेतनं काढली. आता कुटनं काढायची?"

मला त्याचा राग आला, आणि स्वतःवरचा सगळा राग मी नरसम्माच्या खात्यात ढकलला. चौथ्या दिवशी पाणी आलं होतं, जिन्यात कळशांची गडबड होती. मी गच्चीवर गेले, तर काजात तिसरा दोरा. ब्लाउज तसाच हातात धरून मी खाली आले आणि तिच्या पुढ्यात टाकला.

"हे तुम्ही बांधलं?"

"व्हय की. मीच." ती घडी घालायची थांबलीसुद्धा नाही. "मालात खोट दिसली की आमी दोरा बांदतो, बाजूला काढून बगायला. ह्यात खोट हाय. सोलापूरचं ऊन, पोरगी साळंला जाती म्हणता, आन कॉलर कोरी? घामाचा डाग न्हाय, साबणाचा वास न्हाय? असं पोर मी बगितलं न्हाय."

"आणि त्या रजिस्टरवाल्या बाईंना?"

"त्ये बी मीच सांगितलं. खाली आल्त्या, इचारलं, सांगितलं."

इतके दिवस जिच्यावर घेत होते, तो संशय खरा निघाला. मला वाटलं होतं, असा क्षण आला की मी काय काय बोलेन. तोंडातून एवढंच आलं, "मावशी, आम्ही तुमचं काय वाईट केलं होतं?"

ती पाटावरून उठली. माझं मनगट धरलं. "पोरीला बोलवा. हात बगायचाय मला तिचा."

आवाज ऐकून रूथ दाराशी आलीच होती. नरसम्माने तिची बोटं उलटीपालटी केली, नखं पाहिली, बोटांची टोकं दाबली, वास घेतला. पेन्सिलीच्या शिशाचा काळा डाग होता, तो अंगठ्याने पुसून पाहिला. मग भिंतीला टेकून खालीच बसली आणि स्वतःचा हात माझ्यापुढे केला. तर्जनीचं नख जाड, पिवळं, एका बाजूला झिजलेलं.

"बिडीचं तोंड दाबून दाबून असं झालं. सात वर्साची होते, आईनं बिड्या वळायला बसवलं. दार लावून घ्यायची. घर असंच गप. पानं कापायच्या कात्रीचा आवाज तेवढा. साळंच्या बाई यायच्या, आई म्हणायची, गावाला गेली. मी आत, पानांच्या टोपल्यामागं. लई वाटायचं, बाई आत येतील, मला बगतील. कोण बी आत आलं न्हाय, अम्मा." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमच्या घरात पोर हाय आन पोराचा आवाज न्हाय. मग मी काय समजायचं?"

मी तिच्यावर पाळत ठेवत होते, तेव्हा ती आमच्या दाराला कान लावून कात्रीचा आवाज येतो का, ऐकत होती. मी रूथला बिडी वळायला बसवलं आहे, असा तिचा पक्का समज होता; बोटांना तंबाखूचा वास येतो का, तेच तिने पाहिलं होतं.

"मी तिला घरीच शिकवते," मी म्हटलं. "अक्षर, गणित, सगळं. शाळेत ती मुकी झाली होती."

"शिकवता? मग लपवता कशाला? चोरी हाय का ती?"

मी खाली पडलेला ब्लाउज उचलून घेतला. शेवटी, चोरीच कबूल करावी तशी म्हणाले, "आम्ही ख्रिस्ती आहोत."

"त्ये म्हाईत हाय की! ऐतवारी नटून, पुस्तक टॉवेलात गुंडाळून जाता. टॉवेल सोलापूरचाच हाय, किनार बगून वळखला मी." मग तिने रूथची हनुवटी वर केली. "काय शिकतीस ग तू?"

रूथने माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या उघड्या दारातून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते. माझा पदर ओढून तिने मला खाली वाकवलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा बोलली, तेही कानात: "आई, अजून पाच वाजलं न्हाईत. बोलू का?"

मी जिन्यातच बसले. कळशा घेऊन बायका वर-खाली करत होत्या, त्यांनी पाहिलं असेल, काय वाटायचं ते वाटलं असेल. ज्या मुलीचा आवाज परत मिळावा म्हणून मी तिला शाळेतून काढलं, तिचा आवाज मीच घड्याळाला बांधून टाकला होता. त्या शाळेने निदान हसून केलं. मी माया करत करत केलं.

रजिस्टरवाल्या बाई आल्या तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. मुलगी आजोळी गेली नव्हती, हेही सांगितलं. त्यांनी रूथच्या वह्या उलटून पाहिल्या, तिला वाचायला लावलं, बरंच लिहून घेतलं. तिला परीक्षेला कसं बसवायचं ते सांगितलं आणि आणखी कुणी वरचे साहेब पाहायला येतील, असंही म्हणाल्या. ते अजून आलेले नाहीत. त्यामुळे सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई आता मला पाहून मान वळवतात. नरसम्माने अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलंय की किरिस्ताव बाईंची पोरगी घरीच शिकती आन लई हुशार हाय. ह्यातही तिचा काही डाव असेल का, असं मला मधूनच वाटतं. खोड जात नाही. चटणीची वाटी मात्र आता आमच्याकडून करंज्या घेऊन जाते.

आण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी खोदून विचारलं.

"सगळं सांगितलंस? आपुन कोण, काय मानतो त्ये बी?"

"हो."

"मग काय म्हणाली ती?"

"म्हणाली, म्हाईत हाय की."

आण्णा हसले, खोकला लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "मी तरी कुटं गप बसलो ग जन्मात? रोज उठून गळा काढायचो. तू निघालीस तवा भ्या वाटलं, म्हणून तसं बोललो. भ्या माजं हुतं, बाळ. तुला बांधून दिलं."

निघाले तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे जिथं सगळ्यांना आपण माहीत असतो ते. ते माळावर राहिलं. मग वाटायला लागलं, घर म्हणजे जिथं कडी लावता येते ते. त्या कडीमागे मी माझं पोर जवळजवळ हरवून बसले. आता कुणी विचारलं तर नेमकं काय सांगू, ते मला ठरवता येत नाही. पण काल सकाळचं सांगते.

अकरा वाजून गेले होते. दार वीतभर उघडं होतं, हल्ली तेवढं ठेवते. गणवेशाचे मी तुकडे केले आहेत, त्यातलाच एक घेऊन फळा पुसत होते. रूथ मोठ्याने वाचत होती. जिन्यावर बुटांचा आवाज आला. ओळखीचा नव्हता. आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाची पावलं मला पाठ आहेत, ही त्यातली नव्हती. माझा हात कडीकडे गेला. रूथने ते पाहिलं आणि अर्ध्या ओळीवर थांबली.

समोरच्या दारातून नरसम्मा ओरडली, "थांबलीस का ग? मोट्यानं वाच की, मागाच्या आवाजात ऐकू येत न्हाय!"

पावलं वर येत होती. मी कडीवरचा हात काढला.

"वाच," मी रूथला म्हटलं. "मोठ्याने वाच."